दप्तर, दाखला आणि दाद : प्रस्तावना

राणी दुर्गावतीने राणीताल बांधविला, तिचा दिवाण आधारसिंह याने आधारताल बांधविला आणि तिच्या एका दासीने चेरीताल बांधविला, अशी आख्यायिका जबलपुरात पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. तिच्यातला ऐतिहासिक अंश किती आणि लोकांनी मागाहून घातलेली भर किती याचा निवाडा संशोधकांवर सोपविला, तरी राणी, दिवाण आणि दासी या तिघांना एकाच पंक्तीत बसविणारी ही कथा लोकांच्या मनात टिकून राहावी यात नवल नाही. राणी १५६४ मध्ये रणांगणावर पडली. आज चेरीताल ही दमोह नाक्याच्या बाजूची एक दाट वस्ती आहे. दासीचे तळे बुजले, नाव तेवढे उरले. या वस्तीत राहणाऱ्या माणसाला घराचे नामांतरण करून घ्यावयाचे असो, नळाची जोडणी मागावयाची असो, मुलीच्या जातीचा अथवा मूळ निवासाचा दाखला काढावयाचा असो, त्याची गाठ अखेर पडते ती दप्तराशी. आणि सामान्य माणूस व दप्तर यांच्यामधल्या या नित्याच्या, कंटाळवाण्या, परंतु अत्यंत निर्णायक व्यवहाराची ओळख करून देणे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या शहराने राज्ये पुष्कळ पाहिली. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांनी खालसा केले. १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांच्या हवाली केले. १८१७-१८ च्या युद्धात ते कंपनी सरकारकडे गेले. पुढे सागर-नर्मदा प्रदेश या नावाने ते कधी या तर कधी त्या वरिष्ठ सरकारच्या हाताखाली राहिले आणि १८६१ मध्ये, नागपूर ही राजधानी ठरून, मध्य प्रांतात समाविष्ट झाले. राज्य बदलले की मोहोर बदलली, दप्तराची भाषाही बदलली. रयतेकडे कागद मागण्याची रीत मात्र एका राज्याने दुसऱ्याच्या हाती जशीच्या तशी दिली. मराठी माणूस जबलपुरात पुष्कळदा आला तो या दप्तराच्याच मागोमाग. आधी कमाविसदार आणि फडणीस म्हणून आला. नंतर नागपूरच्या सचिवालयाने नेमलेला कारकून, शिक्षक, ओव्हरसियर म्हणून आला. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा आणि अलाहाबादेकडून येणारा असे दोन लोहमार्ग येथे जोडले गेल्यावर रेल्वेचा नोकर म्हणून आला, पुढे तोफगाड्यांच्या कारखान्यात कामगार म्हणून आला. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे, राजधानी भोपाळकडे आणि उच्च न्यायालय जबलपूरकडे गेले, तेव्हा न्यायालयाच्या मागोमाग वकील, अनुवादक, पेशकार आणि शिरस्तेदार म्हणूनही आला. ज्यांच्या आजोबांनी टेबलामागे बसून दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, त्यांची नातवंडे आज टेबलापुढे उभी राहून शेऱ्याची वाट पाहात आहेत, आणि माझ्या मते ही या विषयाकडे पाहण्याची फार चांगली जागा आहे. कारण टेबलाच्या दोन्ही बाजू ज्या घराण्याने पाहिल्या आहेत, त्याला कारकुनाला राक्षस ठरविणे जड जाते आणि अर्जदाराला भोळा ठरविणेही तितकेच जड जाते.

लोकसेवेच्या सुधारणेविषयी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे जे बोलले गेले, त्याचा बहुतेक भर दोन गोष्टींवर आहे : खिडकी आणि घड्याळ. खिडकी एक असावी, स्वच्छ असावी, तिच्यामागचा माणूस सौजन्याने बोलावा. आणि घड्याळाने ठरवून दिलेल्या मुदतीत काम व्हावे. या दोन्ही मागण्या रास्त आहेत, त्यांतून पुष्कळ भले झाले आहे, आणि ते नाकारणारा मनुष्य जुन्या तहसिलीच्या व्हरांड्यात कधी ताटकळलेला नसावा. परंतु खिडकीच्या आणि घड्याळाच्याही मागे एक खोली असते, जिला पूर्वी मुहाफिजखाना म्हणत आणि आता अभिलेखागार म्हणतात. आणि शासनाने जो कागद पूर्वीच स्वतःच्या हाताने लिहून, शिक्का मारून त्या खोलीत ठेवलेला असतो, तोच कागद आणून दाखविण्याची जबाबदारी शासन पुन्हा नागरिकावर टाकते, ही आपल्या लोकप्रशासनाची खरी गाठ आहे. ती सुटल्यावाचून खिडकीची रंगरंगोटी आणि घड्याळाची टिकटिक यांनी फारसे साधणार नाही, असे माझे मत आहे आणि पुढील लेख वाचताना वाचकाने ते कसास लावून पाहावे अशी माझी इच्छा आहे.

क्रम थोडक्यात सांगितला पाहिजे. २४ मे १९९७ रोजी दिल्लीत मुख्यमंत्र्यांची परिषद भरून, प्रत्येक खात्याने नागरिकांची सनद प्रसिद्ध करावी असे ठरले. (दोनच दिवसांपूर्वी, २२ मेच्या पहाटे, जबलपूर भूकंपाने हादरले होते, आणि ज्यांची घरे पडली त्यांना सनदेहून पंचनामा अधिक निकडीचा होता, हा निव्वळ योगायोग, परंतु तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की आठवतो.) सनदा निघाल्या, कचेऱ्यांच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या पाट्या लागल्या, कोणते काम किती दिवसांत होईल हे त्यांवर लिहिले गेले; ते न झाल्यास काय, याविषयी मात्र पाटी मौन बाळगीत असे. हे मौन देशात प्रथम मध्य प्रदेशाने मोडले. २०१० चा लोकसेवांच्या प्रदानाची हमी देणारा कायदा, ज्याला येथे सर्वजण ‘लोक सेवा गारंटी’ म्हणतात, त्या वर्षीच्या २५ सप्टेंबरपासून अमलात आला आणि त्याने प्रथमच विलंबाला किंमत लावली : पदाभिहित अधिकाऱ्याने सबळ कारणावाचून उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, कमाल ५,००० रुपये, दंड त्याच्या खिशातून वसूल होईल, सेवा दिलीच नाही तर ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत एकरकमी दंड होईल, आणि दंडाच्या रकमेतून अर्जदाराला भरपाईही देता येईल. २०१२ मध्ये या कायद्याला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षापासून ठिकठिकाणी लोक सेवा केंद्रे उघडली. दिल्लीत याच धर्तीचे जे विधेयक २०११ मध्ये मांडले गेले ते मात्र मंजूर न होताच २०१४ मध्ये लोकसभेबरोबर विसर्जित झाले, आणि त्याची आठवण आता फारसे कोणी काढीत नाही.

या केंद्रांतली पावती हातात घेऊन पाहण्यासारखी असते. अर्जाचा नोंदणी क्रमांक, अर्जदाराचे नाव, सेवेचे नाव, जोडलेल्या कागदांची यादी, आणि अमुक तारखेपर्यंत निराकरण होईल असे स्पष्ट शब्दांत. इंग्रज अमदानीतल्या, अथवा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चार दशकांतल्या अर्जदाराला अशी तारीख लिहून मागण्याचे धाडस झाले नसते. तो ‘साहेब कधी येऊ?’ म्हणून विचारी आणि ‘पुढल्या आठवड्यात बघा’ हे उत्तर घेऊन परत जाई. साहेबाच्या मर्जीचे तारखेत रूपांतर होणे ही लहान क्रांती नव्हे.

तथापि तारखेत काय घडले पाहिजे, हे नीट वाचावयास हवे. कायद्याच्या भाषेत तारखेपर्यंत सेवा द्यावयाची अथवा अर्ज सकारण नामंजूर करावयाचा. म्हणजे नामंजुरी ही देखील मुदतीतली निर्गतीच ठरते. ‘दस्तऐवज अपूर्ण’ हे दोन शब्द लिहिले की अर्ज निकाली निघतो, घड्याळ थांबते, दंडाचा प्रश्न उरत नाही, आणि महिन्याच्या तक्त्यात प्रलंबित प्रकरणांचा रकाना निर्मळ दिसतो. २०१४ पासून चालू असलेल्या १८१ क्रमांकाच्या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार करावी, तर ती एल-वनपासून एल-फोरपर्यंत पायऱ्या चढत जाते आणि कधी कधी, अर्जदाराचे समाधान झालेले नसतानाही, बंद केली जाते. या प्रकाराला जबलपुरात ‘फोर्स क्लोज’ असे नाव पडले आहे आणि मंगळवारच्या जनसुनावणीला रांगेत उभे असलेले खेडूतही ते नाव सहजपणे उच्चारतात. जी सुधारणा निकालांची संख्या मोजते, ती निकालच प्रसवते. नागरिकाला काय मिळाले हे मोजण्याचे माप तिच्यापाशी नसते.

आता हे ‘दस्तऐवज अपूर्ण’ म्हणजे काय, हे एका घराच्या उदाहरणावरून पाहू. आणि हे उदाहरण कोण्या एका कुटुंबाचे नसून विदर्भातून येथे आलेल्या कित्येक कुटुंबांच्या अडचणी एकत्र केल्यावर जे चित्र दिसते त्याचे आहे. समजा, चेरीतालात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातल्या मुलीला अनुसूचित जातीचा दाखला हवा आहे. नियम सांगतो की, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गासाठी १९८४ या तारखांना कुटुंब राज्यात राहात होते, असा पुरावा द्यावा. मुलीचे पणजोबा त्या दिवशी नागपुरात होते आणि १९५६ नंतर बदलीने जबलपुरास आले. तेव्हा ते बाहेरच्या राज्यातून आलेले, म्हणून दाखला महाराष्ट्रातून आणा, असे सांगितले जाते. महाराष्ट्रात गेले तर मुलीचा, तिच्या बापाचा आणि बहुधा आजोबांचाही जन्म जबलपूरचा निघतो, तिथले कार्यालय अर्ज घेण्यापूर्वी तिथला आजचा रहिवास विचारते, आणि दाखला मिळालाच तरी तो घेऊन परत येथे आल्यावर स्थलांतरिताला या राज्यातल्या आरक्षणाचा लाभ नाही असे उत्तर मिळते. परंतु १० ऑगस्ट १९५० रोजी नागपूर कोणत्या राज्यात होते? मध्य प्रदेशात! मध्य प्रांत व वऱ्हाड यांचे नाव त्याच वर्षी मध्य प्रदेश झाले होते, नागपूर त्याची राजधानी होती आणि जबलपूर त्याच राज्यातले दुसरे मोठे शहर होते. पणजोबा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले नाहीत. ते एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदलून आले आणि त्यांच्या पाठीमागे सीमारेषा हलली. प्रश्न अगदी सोपा आहे असेही कोणी समजू नये, कारण त्या काळच्या याद्यांत पुष्कळ जातींपुढे विशिष्ट जिल्ह्यांची बंधने लिहिलेली होती आणि ती मोठ्या प्रमाणावर उठली १९७६ च्या दुरुस्तीने. तरीही, १९५६ पूर्वी एकाच राज्यात असलेल्या दोन भागांमधले स्थलांतर आणि एरवीचे स्थलांतर यांना एकाच मापाने मोजता येईल काय, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने पांढुर्णा आणि नागपूर यांच्याशी संबंधित एका प्रकरणात गंभीरपणे विचारात घेण्याजोगा मानला. न्यायालयाने ओळखलेली ही गोम खिडकीमागच्या लिपिकाच्या संगणकात नसते. तिथे ‘राज्य’ या रकान्यासमोर एकच पर्याय निवडता येतो.

यावर मात केली तरी नावांचा घोळ राहतोच. मराठी रीतीप्रमाणे नाव, बापाचे अथवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे सलग लिहितात. येथल्या हिंदी नमुन्यात नाव आणि पित्याचे नाव हे वेगळे रकाने असतात. त्यामुळे एका कागदावर तीन पदांचे नाव, दुसऱ्यावर दोन पदांचे, तिसऱ्यावर आडनावच गळलेले, असे एकाच माणसाचे तीन अवतार दप्तरात नांदतात. काळे यांचे काले होतात, फळणीकर यांचे फलनीकर होतात. आणि आजीच्या बाबतीत तर, लग्नात सासरी नवे नाव ठेवण्याच्या आपल्या जुन्या चालीमुळे, माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर एक बाई असते आणि सासरच्या शिधापत्रिकेवर दुसरीच. ‘नाम में भिन्नता’ असा शेरा पडतो, शपथपत्र करावे लागते, त्यासाठी मुद्रांक आणावा लागतो, नोटरी गाठावा लागतो. आणि कचेरीच्या फाटकाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या, आता संगणक घेऊन बसणाऱ्या माणसाचा संसार या भिन्नतेवर चालतो. जुन्या कागदांपैकी काही मोडीत असले तर विचारूच नये. नागपूरकडचे जुने उतारे मोडीत आहेत, ते वाचणारा जबलपूरच्या तहसिलीत कोठून मिळणार?

लिपिकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती खोटी नाही. खोटे दाखले निघतात, ते कोणाच्या तरी हक्काच्या जागा खातात, आणि महाराष्ट्रातल्या एका प्रकरणावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये छाननी समित्यांची पद्धत घालून दिली ती याच कारणाने. चुकीचा दाखला दिला तर चौकशी लिपिकाची होते. योग्य दाखला नाकारला तर कोणाचीच होत नाही. ज्या व्यवस्थेत नकार देणे हा नोकरी सांभाळण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, तिथे उद्धटपणा अथवा लाचखोरी मुळीच नसली तरी नकारच वाढत जाणार. भ्रष्टाचार हे आपल्या प्रशासनाच्या सर्व दुखण्यांचे मूळ आहे असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला पुरते पटत नाही. पुष्कळ ठिकाणी भीती हे मूळ असते आणि लाच ही तिच्यावर उगवते.

पुरावा मागण्याच्या या पद्धतीला आपल्याकडे एक जुना आणि दुःखद पूर्वेतिहास आहे. पेशवाई गेल्यावर पेशव्यांचे दप्तर, त्यातले हजारो रुमाल, कंपनी सरकारच्या ताब्यात आले. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले, आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांना आपापल्या सनदा हजर करण्याचे हुकूम सुटले. मूळ कागद जळालेले, वाळवीने खाल्लेले, भाऊबंदकीत गहाळ झालेले. ज्याला ते दाखविता आले नाहीत त्याचे इनाम खालसा होण्याची वेळ आली. इनामे असावीत की नसावीत हा वेगळा वाद आहे आणि तो येथे काढण्याचे कारण नाही. लोकहितवादींसारखा विचारवंत स्वतः त्या कमिशनच्या कामावर होता. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, ज्या सरकारच्या कोठारात दप्तर होते त्याच सरकारने पुराव्याचा भार रयतेवर टाकला, आणि आपले दप्तर उघडले ते प्रामुख्याने रयतेचे म्हणणे खोडण्यासाठी. स्वतंत्र भारताने कायदे बदलले, राज्यघटना दिली, परंतु दप्तराची ही वृत्ती, माझ्या समजुतीप्रमाणे, आपण मुळापासून कधी तपासलीच नाही.

ती बदलता येत नाही असे मात्र नाही, आणि यासाठी वाचकाला क्षणभर समुद्रापार, इंडोनेशियात घेऊन जाणे अवश्य वाटते. आपल्यासारखाच विस्तीर्ण, अनेक भाषांचा, परकीय सत्तेने घडविलेली नोकरशाही वारशाने मिळालेला हा देश; १९९८ मध्ये सुहार्तोंची राजवट कोसळल्यावर त्याने १९९९ च्या कायद्यांनी सत्तेचे विकेंद्रीकरण केले, २००८ मध्ये लोकपालासारख्या संस्थेचा कायदा केला आणि २००९ मध्ये, म्हणजे मध्य प्रदेशाच्या एक वर्ष आधी, लोकसेवेचा कायदा केला. तिथेही दलाल आहेत, तिथेही ओळखपत्रासाठी वस्तीच्या मुखियाचे पत्र आणण्याची चाल होती, जशी आपल्याकडे नगरसेवकाचे, जबलपूरच्या बोलीत पार्षदाचे, पत्र आणण्याची असते. मूल एक वर्षाचे होऊन गेले तर जन्मनोंदणीसाठी तिथे न्यायालयाचा हुकूम आणावा लागे. गरीब मनुष्य अर्थातच जात नसे, आणि मूल कागदोपत्री जन्मतच नसे. २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या घटना-न्यायालयाने ही अट रद्द केली, आणि त्याच वर्षी लोकसंख्या-नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन तत्त्वच फिरविले गेले : नोंदणीसाठी पुढे होण्याचे कर्तव्य आतापर्यंत रहिवाशाचे होते, ते यापुढे शासनाचे राहील, आणि नोंदणीचे दस्तऐवज विनामूल्य मिळतील. कायद्याच्या पुस्तकात एवढी उलथापालथ झाली की लगेच बेटाबेटांवर ती उतरली असे कोणी समजू नये. तसेच त्याच देशात विजकीय ओळखपत्राच्या कंत्राटात सुमारे २.३ लाख कोटी रुपियांचा अपहार झाला आणि त्याप्रकरणी प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापतीला, सेत्या नोवांतो याला, एप्रिल २०१८ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली, हेही त्याच ताळेबंदात मांडले पाहिजे. परंतु चोरी झाली म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. आणि शासनाने स्वतः पुढे व्हावे हे कायद्यात लिहून ठेवण्याचे धैर्य इंडोनेशियाने दाखविले, ते आपल्याकडच्या हमीच्या कायद्यांत मला आढळत नाही.

महाराष्ट्राकडे पाहिले तर चित्र संमिश्र आहे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची जी नवी मांडणी केली, ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने गाजली, आणि तिच्याबरोबर प्रत्येक टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे लावण्याची शिस्त बोलली जाऊ लागली. या सुधारणेचे मला विशेष वाटते ते हे की, तिने खिडकीआधी दप्तराला हात घातला, कोणता कागद कायम ठेवावयाचा आणि कोणता मुदतीनंतर नष्ट करावयाचा हे ठरवून अभिलेख हाती लागण्याजोगे केले. २०१५ चा महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम मध्य प्रदेशाच्या पाच वर्षे मागाहून आला, परंतु एका बाबतीत पुढे गेला : त्याने दोन अपिलांच्या वर एक स्वतंत्र आयोग बसविला. मध्य प्रदेशात दुसरे अपीलही शासनाच्याच अधिकाऱ्यापुढे चालते, म्हणजे ज्या घराविरुद्ध तक्रार त्याच घराच्या वडीलधाऱ्याकडे दाद. ही उणीव वेळीच भरून काढावयास हवी होती.

परंतु माझ्या मुद्द्याला सर्वांत बळ देणारे उदाहरण अलीकडचे आहे. २०२३ च्या सप्टेंबरात, मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तहसिली, शाळा, भूमि-अभिलेख, कारागृहे, जुन्या निजामी कचेऱ्या यांतले दप्तर उघडले गेले, मोडी आणि उर्दू वाचणारे लोक शोधून आणावे लागले, आणि नोंदी लाखांनी सापडल्या. त्यामागच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या मागणीविषयी वाचकाचे मत काहीही असो, माझेही काही असेल, ते येथे बाजूला ठेवू. या कामाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली : शासनाने मनात आणले तर ते आपले दप्तर स्वतः शोधू शकते, वाचू शकते आणि त्यातली नोंद नागरिकाच्या दारापर्यंत पोहोचवू शकते. मग जे काम रस्त्यावर उतरलेल्या लाखोंसाठी होऊ शकले, ते चेरीतालातल्या एकट्या अर्जदारासाठी का होऊ नये, हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकाला पोहोचतो. मध्य प्रदेशानेही शाळांमधूनच मुलांचे अर्ज भरून घेऊन जातीचे दाखले देण्याची मोहीम एकदा राबविली होती, आणि तिच्यामागे हीच बुद्धी होती. मोहीम संपली की बुद्धीही संपते, हे आपले दुर्दैव.

प्रस्तुत लेखसंग्रहातील लेख या सर्व अंगांना स्पर्श करतात, काही सविस्तर, काही ओझरते. नामांतरण आणि खसऱ्याच्या नकला यांवरचे लेख मला सर्वांत उपयुक्त वाटले, संगणकीकरणावरचे लेख थोडे भाबडे. पाणी, गटारे, कचरा यांविषयी संग्रहात फारसे नाही, आणि ते का नाही हेही सांगण्यासारखे आहे : हमीचा कायदा मुख्यतः कागद देण्याची हमी देतो, नळाची जोडणी मुदतीत मिळेल असे तो म्हणू शकतो, त्या नळाला पाणी किती वेळ येईल हे त्याच्या कक्षेबाहेर राहते. जबलपूर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत निवडले गेले, त्या योजनेचा जमाखर्च मांडणारा स्वतंत्र ग्रंथ कोणीतरी लिहावा.

जबलपूरच्या मराठी कुटुंबांना माझी एक विनंती आहे. घरात जुन्या पेटीत पडलेले आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, बदलीचे हुकूम, पेन्शनचे कागद, नागपूरकडचे उतारे, असतील ते बाहेर काढावेत, मोडीतले असतील तर जाणकाराकडून देवनागरीत करून घ्यावेत, आणि अर्जाबरोबर जोडताना १९५० साली नागपूर व जबलपूर एकाच राज्यात होते हे वाक्य अर्जात स्वतंत्रपणे लिहावे; शेरा मारणाऱ्याला ते वाचावे लागेल आणि अपिलात त्याचा उपयोग होईल. अर्ज खिडकीवरून तोंडी परत केला तर लेखी नकार मागावा, कारण तोंडी नकाराविरुद्ध अपील चालवणे कठीण. आणि पावती फेकू नये. नामंजुरीच्या अथवा मुदत संपल्याच्या दिवसापासून पहिले अपील ३० दिवसांत करावयाचे असते, आणि त्यावरील निर्णयाविरुद्ध दुसरे ६० दिवसांत.